भानूवयनीचा कावळा

“काव, काव, काव,” तुकामामा समुद्राकडे तोंड करून ओरडत होते. सत्तरीचा माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर वाळूवर केळीच्या पानात भाताचा पिंड, आणि त्याच्या आजूबाजूला कावळा सोडून बाकी सगळे पक्षी.

“मामा, जरा हळू,” मी म्हटलं. “हा आवाज ऐकून असतील ते कावळेही गुजरातेत पळतील.”

“दमू, तू गप्प राहा. माझी बहीण गेलीय.”

“माझी जाऊ गेलीय. तुमच्याकडे ती लग्न होईपर्यंत होती, माझ्या डोक्यावर सगळा जन्म होती.”

भानूवयनी म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको. तिचा तो दहावा. पौषाची थंडी होती. आमचं गाव डहाणूच्याही वर, किनाऱ्याकिनाऱ्याने आणखी थोडं चाललं की पायाखाली गुजरातची वाळू लागते. दहाव्याला बायकांनी समुद्रावर जाऊ नये म्हणतात. मला तसं सांगायची कुणाची छाती झाली नाही. मी निघाले म्हणून सुलभा निघाली, सुलभा निघाली म्हणून केतकी निघाली. सुलभा ही भानूवयनीची सून आणि केतकी नात. पिंड ठेवला तो जयवंत, भानूवयनीचा एकुलता मुलगा. पिंड ठेवून सगळे मागे सरकून उभे राहिलो होतो, कावळ्याला भीती वाटू नये म्हणून. उभे राहून राहून पाय वाळूत रुतले, पण कावळा काही येईना.

पाठकभटजींना पुढे घोलवडला सत्यनारायण होता. ते सारखे उन्हाकडे बघत होते.

“काही इच्छा राहिली असेल हो त्यांची,” ते शेवटी म्हणाले. “घरच्यांनी आठवून बघा. तसा शब्द द्या. म्हणजे शिवेल.”

कुणी काही आठवून बघितलं नाही. सगळ्यांनी फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं.

ते का, हे सांगायला हवं. आमच्यात लग्नात धवळे गातात. हळद दळण्यापासून नवरी पाठवण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं आणि ते बायांनी म्हणायचं असतं. गावात धवळे म्हणणारी मी. शाळा दुसरीपर्यंत झाली, पण धवळे म्हणायला बसले तर बँकेतला साहेबसुद्धा सायकल टेकवून ऐकत उभा राहायचा. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा, तो अजून आहे. तर एका लग्नात, भर मांडवात, नवरीला हळद चालली होती आणि मी माझ्या चालीने, ठेक्यात म्हणत होते. भानूवयनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “दमू, आटप गो. नवरी म्हातारी व्हायची.”

मांडव हसला. वराकडचे हसले, ताशेवाला हसला. हळदीने माखलेली ती नवरीसुद्धा हसली. मी गाणं तिथंच टाकलं आणि उठले. भानूवयनी असेल त्या मांडवात आणि भानूवयनीच्या घरात यापुढे माझ्या तोंडून धवळा निघणार नाही, असं जाता जाता सांगून आले. बोलले ते वीस वर्षं पाळलं. बाकी आमचं बोलणं चालू होतं. रोज भांडायचं म्हणजे बोलावं लागतंच.

आता फाल्गुनात केतकीचं लग्न होतं. अंथरुणात पडल्या पडल्या भानूवयनीने सगळ्यांकडून मला निरोप पाठवले, माझ्या नातीला दमूने धवळे म्हणावेत. सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं, तिला तोंड आहे, तिने सांगावं. मी रोज तिला पेज घेऊन जायचे. ती म्हणायची, पेज पाणचट आहे. मी म्हणायचे, प्या. धवळ्याचं तिने काढलं नाही, म्हणून मीही काढलं नाही. आणि मग ती गेली.

म्हणजे इच्छा काय राहिली ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कावळा शिवायचा तर मी शब्द द्यायला हवा होता, आणि मी शब्द देणार नव्हते.

मी मान वळवली, आणि तेव्हा मला सुरूच्या झाडांखाली काहीतरी चमकलेलं दिसलं. बघते तर दोघं घडीच्या खुर्च्यांवर बसलेली. एक दाढीवाला आणि एक मुलगी. पुढ्यात तीन पायांवर भलीमोठी दुर्बीण. थंडीच्या दिवसांत शहरातली ही माणसं आमच्या किनाऱ्यावर येतात, परदेशी पक्षी बघायला. त्याला माझं काही म्हणणं नाही. पण मयताच्या दहाव्याला दुर्बीण लावून बसायचं म्हणजे काय?

मी पदर खोचला आणि तिकडे निघाले.

“काय हो,” मी लांबूनच सुरुवात केली, “तुमच्या घरी कोणी मरत नाही का? आमच्यात येऊन बघताय?”

दाढीवाला धडपडत उठला. “नाही नाही, आजी, आम्ही तुमच्याकडे बघत नव्हतो. आम्ही पलीकडे…”

“पलीकडे काय आहे? चिखल आहे.”

“कैकर आहे, आजी,” मुलगी म्हणाली. तिने कानटोपी घातली होती आणि नाक लाल झालं होतं. “मासे पकडणारी घार. थंडीत लांबून येते, पार हिमालयाच्या पलीकडून. बघता का? सर, आजींना दाखवू?”

मी बघणार नव्हते. पण माणूस इतक्या आदराने खुर्ची पुढे करतो तेव्हा बसावं लागतं. मी एक डोळा मिटून दुसरा लावला.

खाडीपलीकडे एक वठलेला ताड आहे. त्याच्या टोकावर ती बसली होती. पांढरं पोट, तपकिरी पंख, आणि नजर अशी की समोरच्याला आपण तिच्या घरी सून म्हणून आल्यासारखं वाटावं. पायाखाली ताजी बोय धरली होती, हातभर लांब. फाडून फाडून खात होती. आणि तिच्याभोवती, वरती, खालती, बाजूच्या माडांवर, आमच्या गावचे झाडून सगळे कावळे. कुणी ओरडतंय, कुणी तिच्या शेपटीला टोचून पळतंय, कुणी खाली पडलेला तुकडा उचलतंय.

“हे सगळे तिच्या माशासाठी जमलेत,” मुलगी म्हणाली. “ती खाऊन उडेपर्यंत हलणार नाहीत.”

मी दुर्बिणीतून डोळा काढला. ताजी बोय समोर असताना कोरडा भात शिवायला कोण येणार? भानूवयनी स्वतः असती तरी ताडाखालीच जाऊन उभी राहिली असती.

“तुझं नाव काय गो?” मी विचारलं.

“ऋता.”

“ऋता, हे तिकडे कोणाला सांगू नकोस. मी सांगेन.”

आणि मी खरंच सांगणार होते. तोंड उघडतच परत आले. पण तेवढ्यात जयवंत पिंडासमोर हात जोडून म्हणाला, “आई, मी तंबाखू सोडतो.”

सुलभाने चमकून वर बघितलं. त्या तंबाखूसाठी तिने नवस केले होते, उपास केले होते, एकदा माहेरी जाऊन बसली होती. मी तोंड मिटलं. म्हटलं, जरा थांबू. घाई काय आहे.

“कायमची?” सुलभाने विचारलं.

“कायमची.”

“पुडी कुठंय?”

जयवंतने खिशातून पुडी काढली आणि तिने ती त्याच्यासमोर लाटेत टाकली. कावळा आला नाही.

“सूनबाईंचंही काही असेल,” भटजी म्हणाले.

सुलभाने हात जोडले. “आई, तुमची ती कोंबडी मी कापणार नाही. कितीही पाहुणे आले तरी.”

“ती अंडी देत नाही दोन वर्षं,” जयवंत पुटपुटला.

“तुम्ही तंबाखू सोडली, मी कोंबडी सोडली.”

कावळा आला नाही. मी पलीकडे नजर टाकली. ताडावर अजून काळं मोहोळ होतं.

“मामा,” मी म्हटलं, “तुमचंही काही असेल. वयनी मला म्हणायच्या, तुका डोळ्यांचं ऑपरेशन करून घेत नाही, एक दिवस विहिरीत पडेल.”

हे ती खरंच म्हणायची. तुकामामा डॉक्टरच्या नावानेच घामाघूम व्हायचे. ते बराच वेळ धोतराचा सोगा पिळत राहिले. मग रडवेल्या आवाजात म्हणाले, “भानू, करतो ऑपरेशन. दोन्ही डोळ्यांचं. पण ये गो बाय आता.”

आणि त्याच वेळी पंखांची फडफड झाली, एक पक्षी सरळ पिंडावर उतरला आणि त्याने भाताला चोच मारली.

“शिवला,” तुकामामा ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “बघा, बघा, माझ्यासाठी थांबली होती. माझ्या डोळ्यांसाठी.”

“मामा,” जयवंत हळूच म्हणाला, “तो पांढरा आहे.”

कुरव होता. लाल चोचीचा, लठ्ठ. थंडीत आमच्याकडे हे हजारांनी उतरतात. केतकीने धावत जाऊन त्याला हाकललं. भटजींनी नवा पिंड वळायला घेतला. पण तुकामामा ऐकायला तयार नव्हते.

“पक्षीच ना? पंख आहेत, चोच आहे. कावळाच हवा असं कुठं लिहिलंय?”

“सगळीकडे लिहिलंय,” भटजी म्हणाले.

“रंगाचंच अडलंय ना? ते बघा, ते शहरातले. त्यांना विचारा. त्यांना पक्ष्यांतलं कळतं.”

दाढीवाला तोवर गोंधळ ऐकून चार पावलं पुढे आला होता. त्याचं नाव साने. त्याला कुणी काही विचारलं की खरं उत्तर द्यायची खोड होती.

“हा काळ्या डोक्याचा कुरव,” साने म्हणाला.

“ऐकलंत?” तुकामामा भटजींना म्हणाले. “काळा.”

“डोकं पांढरंफेक आहे,” भटजी म्हणाले.

“हिवाळ्यात पांढरं असतं,” सान्याने सांगितलं. “मार्चच्या सुमाराला काळं होतं.”

“म्हणजे काळाच आहे. आत्ता नाही, एवढंच.”

“मग मार्चमध्ये येऊन शिवला तर धरू,” भटजी म्हणाले.

“मार्चमध्ये हे परत जायला लागतात,” सान्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

भटजींनी त्याच्याकडे बघितलं, मग पिशवीतून दर्भ काढला. “हे बघा, शास्त्राला सोय आहे. दर्भाचा कावळा करतो, पिंडाला लावतो, आपण सगळे घरी जाऊ.”

“माझ्या बहिणीला गवताचा कावळा?” तुकामामा वाळूतच बसले. “तिला उभ्या जन्मात कुणी फसवू शकलं नाही. आणि आता मी भाऊ असून गवत दाखवू?”

हळूहळू एकेक मान माझ्याकडे वळली, आणि या वेळी डोळ्यांच्या कोपऱ्यातून नाही, सरळ.

“काकी,” जयवंत म्हणाला, “आम्ही सगळ्यांनी दिलं काही ना काही.”

“मी कुठं अडवलं?”

“तुम्हाला माहीत आहे आईला काय हवं होतं ते.”

“तिला हवं होतं तर तिने मला सांगायचं होतं.”

“ती अंथरुणात होती, काकी.”

“जीभ अंथरुणात नव्हती. माझ्या पेजेला रोज नावं ठेवत होती.”

केतकी तेव्हा बावीस-तेवीसची असेल, अंगाने काटक आणि तोंडाने मिटलेली. नुसती बघत राहिली. मला ते बघणं आवडलं नाही, म्हणून मी हातातलं हत्यार बाहेर काढलं.

“इच्छाबिच्छा काही नाही,” मी म्हटलं. “कावळे पलीकडे ताडावर आहेत. तिथं एक घार बोय खातेय आणि हे तिच्या तोंडाकडे बघत बसलेत. म्हणून येत नाहीत.”

मग सुलभा म्हणाली, “काकी, तुम्हाला इथून ताडावरची घार दिसते?”

“दुर्बिणीतून बघितली.”

“कधी?”

“मघाशी.”

“म्हणजे तंबाखूच्या आधी?” जयवंतने विचारलं.

त्याचं मी ऐकलंच नाही. ऋताला हाक मारली. ती आली, तिने सगळं सांगितलं, ताड, बोय, कावळे, अगदी मी म्हटलं तसंच. मी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. आता बोला म्हटलं.

तुकामामा वाळूतून उठले. त्यांनी ऋताला विचारलं, “पोरी, ही घार रोज येते इथं?”

“नाही, आजोबा. आम्ही तीन दिवस शोधतोय. आजच दिसली.”

“आजच,” तुकामामा म्हणाले. “कुठून आली?”

“हिमालयापलीकडून.”

“हिमालयापलीकडून आली, ती बरोबर भानूच्या दहाव्याला. हातात काय घेऊन आली? बोय. भानूला कुठला मासा आवडायचा? बोय.” ते माझ्याकडे वळले. “आता मला सांग, दमू. ती घार कोणी धाडली?”

मी सान्याकडे बघितलं. हा शिकलेला माणूस काहीतरी बोलेल म्हणून. तोही विचारात पडला होता.

तेवढ्यात ऋता म्हणाली, “उडाली.”

कैकर खाडीवरून संथपणे निघून गेली, राहिलेलं शेपूट पायात धरून. थोडा वेळ कावळे तिच्यामागे गेले. मग वळले, आणि एकामागून एक आमच्या बाजूला आले. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली एक होडी होती. तिच्या काठावर ओळीने बसले. दहा-बारा तरी होते. कुणी चोच घासली, कुणी पिसं साफ केली. पिंड पावलाच्या अंतरावर होता. एकानेही त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही.

“पोटं भरलीत त्यांची,” मी म्हटलं.

“काकी,” सुलभा म्हणाली, “आधी म्हणालात माशाच्या आशेवर बसलेत म्हणून येत नाहीत. आता म्हणता खाल्लंय म्हणून येत नाहीत. मग त्यांनी यावं तरी कधी?”

ही सुलभा एरवी माझ्यासमोर पाणीसुद्धा हळू पिते. तंबाखू सुटल्यापासून तिला जोर आला होता.

मी होडीकडे बघितलं. मधला एक कावळा जाडसर होता, मान तिरपी करून माझ्याकडे बघत होता. कशाचं काही वाटून घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण ती मान मी ओळखत होते. पेजेचा वाडगा हातात घेतला की अशीच तिरपी व्हायची.

“बरं,” मी म्हटलं. “वयनी, केतकीच्या लग्नात मी धवळे म्हणीन. झालं?”

कावळे जागचे हलले नाहीत.

“मनापासून नाही म्हटलंस,” तुकामामा म्हणाले.

“मनापासून म्हणजे कसं म्हणतात? रडून दाखवू?”

“दमयंतीबाई,” भटजी हात जोडून म्हणाले, “जरा प्रेमाने म्हणा. माझा सत्यनारायण खोळंबलाय.”

माझं डोकं फिरलं. इतक्या माणसांसमोर मी शब्द दिला, वीस वर्षांचा हट्ट मोडला, आणि ती होडीवर बसून मान तिरपी करून बघतेय. माझ्या शब्दावर हिचा विश्वास नाही? आता उधारी नकोच, म्हटलं. मी पिंडासमोर वाळूत मांडी घातली आणि तिथंच धवळा सुरू केला.

“वाडीच्या मेरेवर मांडव घातला,
दर्याचा वारा पाहुणा आला…”

लग्नाचं गाणं, दहाव्याच्या पिंडासमोर. आमच्या गावात असं कधी झालं नव्हतं. भटजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि डोळे मिटून घेतले. जयवंत “काकी, काकी” करायला लागला. तुकामामांनी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला. साने आणि ऋता कानटोप्या काढून उभे राहिले, त्यांना वाटलं हाच विधी असेल. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मात्र पिंडाकडे बघत होते. म्हणून पुढचं फक्त मला दिसलं.

एक कुत्रं वास घेत पिंडाकडे यायला लागलं. त्याला हाकलायला केतकी पुढे गेली. जाताना वाटेत कोळ्यांनी बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या परांची होत्या. तिथं ती क्षणभर थांबली. कुत्र्याला हाकललं. मग पानाशी वाकली, दर्भ सरळ केल्यासारखं केलं, आणि ओढणीच्या आतून काहीतरी पिंडाच्या भाताखाली सरकवलं. उठली, मागे येऊन आईशेजारी उभी राहिली, हात जोडून, डोळे खाली घालून.

मी गातच होते. दोन ओळी झाल्या आणि मी थांबले.

थांबले ते केतकीमुळे नाही. धवळा एकटीचा नसतो. एकीने दोन ओळी टाकायच्या, दुसरीने मागून धरायच्या आणि पुढच्या दोन द्यायच्या. माझ्या मागून धरणारी सगळा जन्म एकच होती. मी लांबवायची, ती पुढे ओढायची. वीस वर्षं मी न म्हटलेला प्रत्येक धवळा तिनेही म्हटला नव्हता. गावातल्या पोरी टेपवर लग्नं लावत होत्या आणि आम्ही दोघी शेवटपर्यंत पेजेवरून भांडत होतो. मी तिथं वाळूत बसून मागून येणाऱ्या आवाजासाठी थांबले होते. सवय असते माणसाला. तिने काही नाही तर “आटप गो” तरी म्हणावं.

कुणीच धरलं नाही.

तेवढ्यात होडीवरून पंख वाजले. तो मधला जाडसर कावळा सरळ पिंडावर आला, इकडे तिकडे बघितलं नाही, मान तिरपी केली नाही, भाताचा गोळा एका झटक्यात फोडला आणि खालून लांबलचक काहीतरी उपसून काढलं. ते चोचीत धरून माडांकडे उडाला. मागून बाकीचे सगळे ओरडत गेले.

“शिवला,” जयवंत म्हणाला, आणि त्याने हात जोडले.

“कोण शिवला? काळा आहे ना?” तुकामामा विचारत होते. “नीट सांगा, काळा आहे ना?”

“काळा आहे, मामा. डोक्यापासून शेपटीपर्यंत.”

सान्याने दुर्बीण डोळ्याला लावली होती. “पण त्याच्या चोचीत तर बोंब…” इतकं म्हणाला आणि गप्प झाला. ऋताने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला होता की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

भटजींनी डोळे उघडले होते. ते माडांकडे बघत होते, जिथं तो कावळा बसून चोचीतलं फाडत होता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा केतकीकडे.

“दर्भ आहे,” भटजी ठामपणे म्हणाले. “दर्भाची काडी अडकलीय चोचीत. उत्तम झालं. चला.”

तुकामामा आता नाहीत, म्हणून हे सांगते. त्यांनी पुढच्याच महिन्यात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं आणि गेले तोपर्यंत गावभर सांगत होते, की माझ्या बहिणीने धवळा ऐकल्याशिवाय घास शिवला नाही. जयवंतने तंबाखू सोडली ती सोडली, फक्त मला बघितलं की अजून त्याचे दात आवळतात. ती कोंबडी म्हातारी होऊन मेली.

परत येताना सगळे पुढे गेले. भटजी तर धावतच होते. मी मागे राहिले, वाळूतून चालताना माझे गुडघे बोलतात. थोड्या वेळाने केतकी माझ्याबरोबर चालू लागली. बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी माझ्या चालीने चालत राहिले. माझ्या जावेची नात, घाई मी का करू?

सुरूच्या झाडांपाशी आल्यावर ती म्हणाली, “काकीआजी, तुम्ही बघितलंत ना?”

“काय?”

“काही नाही.”

आणखी थोडं चाललो.

“म्हणजे तुम्ही दिलेला शब्द…” ती अडखळली. “तो आता धरायचा की नाही? तसं बघितलं तर तो कावळा आजीसाठी नव्हता आला.”

मी थांबले. या पोरीने स्वतःच्या आजीच्या पिंडात सुका बोंबील घातला होता, भटजी समोर उभे असताना, सगळे तिथंच उभे असताना, आणि वर हिशोब चोख करायला आली होती. मला भानूवयनीची इतकी आठवण आली की रागच आला.

“तुझी ओढणी आधी धुऊन टाक,” मी म्हटलं. “वास सुटलाय. तुझी आई नाक घेऊनच जन्माला आलीय.”

“आणि धवळे?”

“संध्याकाळी ये. माझ्यामागून म्हणायला कुणीतरी लागेल. आणि लक्षात ठेव, मी लांबवते. घाई केलीस तर उठून जाईन.”